रिपब्लिकन नेत्याची आरोग्य विम्यावरची भूमिका कशी तपासायची : मिट रॉम्नींचं उदाहरण घेऊन

अमेरिकेत निवडणूक जवळ आली की इथल्या मराठी लोकांच्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरायला लागतो, हा निवडून आला तर आपल्या इन्शुरन्सचं काय होणार, आणि उत्तरं पण ठरलेली असतात, एक जण म्हणतो रिपब्लिकन आहे ना मग गरिबांचं सगळं काढून घेणार, दुसरा म्हणतो धंद्यातला माणूस आहे, खर्च बरोबर आटोक्यात आणेल, आणि दोघांनीही त्या माणसाचा एकही कागद उघडून बघितलेला नसतो. मला याचा खरंच त्रास होतो, कारण हा विषय टाइमपासचा नाहीये, कुणाचे आईबाबा ग्रीन कार्डवर इथे येऊन राहिलेत, कुणाची नोकरी जायच्या बेतात आहे, कुणाला चाळिशीतच शुगर निघालीये, आणि या सगळ्यांचं काय होणार ते त्या नेत्याच्या पक्षावरून कळत नाही, त्याच्या सह्या आणि मतं बघून कळतं. म्हणून ही पद्धत लिहून काढतेय. उदाहरणाला मिट रॉम्नी घेतलेत, कारण त्यांनी गव्हर्नर म्हणून एक मोठा आरोग्य कायदा केला, मग जवळपास तशाच कायद्याच्या विरोधात राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवली, नंतर सिनेटर झाले आणि २०२५ च्या जानेवारीत निवृत्तही झाले. म्हणजे पूर्ण फाइल आपल्यासमोर आहे, शांतपणे बघता येते.

सुरुवात तुमच्या पगाराच्या स्लिपपासून करा. त्यात मेडिकेअर अशी एक ओळ असते, पगाराच्या १.४५ टक्के, तेवढेच कंपनी भरते. एच-वन-बीवर असाल तरी कापतात. हे पैसे ६५ वर्षांवरच्या लोकांच्या सरकारी विम्यात जातात, आणि साधारण दहा वर्षं काम करून तो कर भरला असेल आणि तेव्हा नागरिक किंवा ग्रीन कार्डवाले असाल तर ६५ नंतर हॉस्पिटलचा भाग तुम्हाला हप्ता न भरता मिळतो. ग्रीन कार्डवर आलेल्या आईबाबांनी इथे काम केलेलं नसेल तर सलग पाच वर्षं राहिल्यावर त्यांना हप्ता भरून तो विकत घेता येतो. मेडिकेड वेगळं, ते कमी उत्पन्नवाल्यांसाठी, खर्च केंद्र आणि राज्य वाटून घेतात, आणि नर्सिंग होममध्ये राहणाऱ्या बहुसंख्य म्हाताऱ्या माणसांचा खर्च तेच उचलतं हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं. तिसरा कंपनीचा इन्शुरन्स, आणि चौथा २०१० चा एसीए म्हणजे ओबामाकेअर, ज्यात स्वतः विकत घेणाऱ्यांसाठी बाजारपेठ आणि सबसिडी आहे. नेता बोलताना "हेल्थकेअर" असा एकच शब्द वापरतो, तुम्ही दरवेळी विचारायचं, या चारातलं नेमकं कशाबद्दल बोलतोय. इथेच निम्मा गोंधळ मिटतो.

आता पहिलं काम, भाषणं बाजूला ठेवा आणि त्याने सही कशावर केली ते शोधा. रॉम्नी २००३ ते २००७ मॅसेच्युसेट्सचे गव्हर्नर होते. १२ एप्रिल २००६ ला बॉस्टनच्या फॅन्युइल हॉलमध्ये त्यांनी राज्याच्या आरोग्य कायद्यावर सही केली आणि तेव्हा स्टेजवर टेड केनेडी होते, डेमोक्रॅट पक्षाचे सगळ्यात मोठे आरोग्यवाले नेते, ज्यांच्याविरुद्ध रॉम्नी १९९४ मध्ये सिनेटची निवडणूक हरले होते. कायद्यात काय होतं, तर ज्याला परवडतं त्या प्रत्येक प्रौढ माणसाने विमा घ्यायचाच, नाही घेतला तर राज्याच्या आयकरात दंड, पहिल्या वर्षी म्हणजे २००७ ला तो २१९ डॉलर होता आणि पुढे वाढत गेला. गरिबी रेषेच्या तिप्पट उत्पन्नापर्यंत सबसिडी. आणि विमा निवडायला कनेक्टर नावाची सरकारी बाजारपेठ. ओळखीचं वाटलं ना, चार वर्षांनी एसीएमध्ये हाच सांगाडा आला. एमआयटीचे अर्थतज्ज्ञ जोनाथन ग्रूबर यांनी रॉम्नींसाठी आकडेमोड करून दिली होती आणि पुढे ओबामांच्या सरकारलाही तेच सल्ला देत होते.

मॅसेच्युसेट्समध्ये राहणाऱ्या आपल्या लोकांना हा कायदा आजही दरवर्षी हातात मिळतो. जानेवारीच्या सुमारास इन्शुरन्स कंपनीकडून एमए १०९९-एचसी नावाचा एक पानाचा फॉर्म येतो, कुठल्या महिन्यात तुम्हाला विमा होता त्याच्या खुणा असतात त्यावर, आणि राज्याचा टॅक्स भरताना शेड्यूल एचसीमध्ये ते महिने भरावे लागतात. केंद्राचा दंड २०१९ पासून शून्य झाला पण या राज्याचा चालूच आहे. नवीन आलेले बरेच जण तो फॉर्म जाहिरात समजून टाकून देतात आणि एप्रिलमध्ये शोधाशोध करतात, तर तो जपून ठेवा, ही रॉम्नींचीच सही आहे.

पण नुसती सही बघून थांबू नका, त्याने काय खोडलं ते बघा. माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे आणि लोक नेमका हाच सोडून देतात. बहुतेक अमेरिकन राज्यांमध्ये गव्हर्नरला खर्चाच्या बिलातली ठराविक कलमं वगळून सही करता येते आणि रॉम्नींनी त्या कायद्यातली आठ कलमं नाकारली. पहिलं, ज्या कंपनीत ११ किंवा जास्त माणसं आहेत आणि जी विम्यात वाटा उचलत नाही तिने दरवर्षी प्रत्येक कामगारामागे २९५ डॉलर भरायचे, हे त्यांना नको होतं. म्हणजे बघा, माणसावर सक्ती चालेल पण कंपनीवर नको. दुसरं, मेडिकेडवरच्या गरीब प्रौढांना दातांचे उपचार देणं. आणि तिसरं, जे कायदेशीर स्थलांतरित म्हातारे किंवा अपंग आहेत पण केंद्राच्या मेडिकेडमध्ये बसत नाहीत त्यांना राज्याने विमा देणं.

हे तिसरं जरा थांबून वाचा, कारण ते थेट आपल्या घरापर्यंत येतं. १९९६ च्या केंद्रीय कायद्यानुसार नवीन ग्रीन कार्डवाल्याला साधारणपणे पहिली पाच वर्षं केंद्राच्या पैशातून मेडिकेड मिळत नाही. म्हणजे मुलाने पुण्याहून किंवा नागपूरहून आईला इथे आणलं, तिचं वय ७०, मेडिकेअर पाच वर्षांनी, मेडिकेड पण पाच वर्षांनी, आणि मधल्या काळात पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं तर? राज्याने स्वतःच्या पैशातून ही फट बुजवायची ठरवली होती आणि गव्हर्नर नको म्हणाले. राज्याच्या विधिमंडळात डेमोक्रॅट्सचं प्रचंड बहुमत होतं, त्यांनी जूनपर्यंत सगळीच्या सगळी आठ कलमं गव्हर्नरच्या नाकावर टिच्चून परत मंजूर केली, म्हणून आज जो "रॉम्नीकेअर" आपण म्हणतो तो रॉम्नींना हवा होता तेवढाच नाहीये, त्याहून मोठा आहे. एखाद्या नेत्याला श्रेय किंवा दोष देताना हा फरक धरलाच पाहिजे.

पुढचं काम, त्या भूमिकेमागचं कारण त्याच्याच पक्षाच्या भाषेत समजून घ्या. विम्याची सक्ती म्हणजे डाव्यांची कल्पना असं आज सगळे धरून चालतात, पण ती मुळात उजवीकडून आली. हेरिटेज फाउंडेशन या कॉन्झर्व्हेटिव्ह संस्थेने १९८९ मध्ये ती मांडली, १९९३ मध्ये क्लिंटन दांपत्याच्या योजनेला पर्याय म्हणून रिपब्लिकन सिनेटर जॉन चेफी यांनी जे बिल आणलं त्यात ती होती, आणि मॅसेच्युसेट्सच्या कनेक्टरच्या कल्पनेतही हेरिटेजच्या लोकांचा हात होता. युक्तिवाद असा, १९८६ मध्ये रेगन यांच्या सहीने एक कायदा झाला की इमर्जन्सीत आलेल्या माणसाला हॉस्पिटलने पैशाचं न विचारता तपासायचं आणि जीवावरचं संकट टळेपर्यंत उपचार द्यायचे. मग एखादा धडधाकट, बऱ्या पगाराचा माणूस विमा घेत नाही, अपघात झाला की इमर्जन्सीत जातो, आणि बिल बाकीच्यांच्या हप्त्यातून आणि करातून वसूल होतं. तर कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणतात, बाबा, तुझी जबाबदारी तू घे, दुसऱ्याच्या जीवावर फुकट बसू नकोस. रॉम्नींचा सगळा भर यावर होता, "वैयक्तिक जबाबदारी". गरिबांचा कळवळा हा मुद्दा त्यांच्याकडे होता पण भाषणात पुढे असायची ती जबाबदारी.

आणि पैशाचं कारणही होतं, ते कधी विसरायचं नाही. विमा नसलेल्यांच्या बिलांसाठी मॅसेच्युसेट्समध्ये एक वेगळा निधी होता, आणि राज्याला केंद्राकडून मेडिकेडच्या खास सवलतीत मिळणारे वर्षाचे साधारण ३८.५ कोटी डॉलर बंद व्हायच्या बेतात होते, वॉशिंग्टनचं म्हणणं होतं की हे पैसे हॉस्पिटलांना देण्याऐवजी माणसांना विमा देण्यात घाला. म्हणजे तत्त्व होतं, तिजोरीची निकड होती, आणि एक माणूसही होता, स्टेपल्स या स्टेशनरी दुकानांच्या साखळीचे संस्थापक टॉम स्टेमबर्ग, ज्यांनी रॉम्नींना सांगितलं होतं की खरंच लोकांना मदत करायची असेल तर सगळ्यांना विमा मिळेल असं काहीतरी कर. कुठलीही मोठी भूमिका अशीच बनते, एका कारणाने नाही, त्यामुळे "हा मनापासून करतोय की मतांसाठी" या वादात वेळ घालवू नका, तिन्ही कारणं लिहून ठेवा आणि पुढे त्यातलं कुठलं टिकलं ते बघा.

आता येते ती अवघड जागा. २३ मार्च २०१० ला ओबामांनी एसीएवर सही केली आणि रॉम्नी त्याच्या विरोधात उभे राहिले. १२ मे २०११ ला मिशिगनमध्ये अ‍ॅन आर्बरला त्यांनी पॉवरपॉइंट लावून सविस्तर भाषण केलं, मॅसेच्युसेट्सचा कायदा चुकीचा होता असं म्हणायला ते तयार झाले नाहीत, म्हणाले तो आमच्या राज्याचा प्रश्न होता आणि आमच्या राज्याने सोडवला, पण वॉशिंग्टनने तेच पन्नास राज्यांवर लादायचं नाही. याला लगेच कोलांटउडी म्हणून मोकळं होऊ नका. अमेरिकन घटनेत राज्याचे अधिकार खरंच मोठे आहेत, राज्य जे करू शकतं ते सगळं केंद्र करू शकत नाही, आपल्याकडेही सार्वजनिक आरोग्य राज्यसूचीत आहे त्यामुळे हा विचार आपल्याला परका नाही. आणि सुप्रीम कोर्टात हीच लढाई झाली, २८ जून २०१२ च्या निकालात सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी लिहिलं की व्यापारावरच्या अधिकाराखाली केंद्राला ही सक्ती करता येणार नाही, पण दंड हा कर मानला तर चालतो, आणि पाच विरुद्ध चारने कायदा वाचला. त्याच निकालात एसीएमधला मेडिकेडचा विस्तार, म्हणजे कमी उत्पन्नवाल्या आणखी प्रौढांना त्यात घेणं, राज्यांच्या मर्जीवर सोडला. म्हणजे राज्य आणि केंद्र हा फरक हवेतला नव्हता.

मग गोम कुठे आहे? तर तारखा लावून बघितल्याशिवाय ती सापडत नाही. ३० जुलै २००९ ला, एसीए अजून घडत होता तेव्हा, रॉम्नींनी यूएसए टुडेमध्ये लेख लिहिला की घाई करू नका, मॅसेच्युसेट्सकडून शिका, आणि आमच्याकडच्या करातल्या दंडासारखी सोय केली तर फुकट्यांना जबाबदारी घ्यावी लागते हेही त्यात आहे. ओबामांनाच सल्ला होता तो, म्हणजे देशासाठीच. दोन वर्षांनी सूर बदलला. माझं मत विचाराल तर राज्यांचा मुद्दा त्यांचा खरा होता, पण तो पुढे आला प्रायमरीत, म्हणजे पक्षातल्या उमेदवारीच्या लढतीत, जिथे मतदारांना ओबामाकेअर हा शब्दही सहन होत नव्हता. त्यामुळे तुम्ही ज्या नेत्याला तपासताय त्याच्या प्रत्येक वाक्यापुढे तारीख लिहा, आणि तेव्हा तो कुठल्या निवडणुकीला उभा होता तेही. एवढी एकच सवय लागली तरी खूप आहे.

यानंतर आकडे, आणि इथे घाई अजिबात करू नका, कारण गरीब आणि म्हाताऱ्या माणसाला जे बसतं ते तत्त्वातून बसत नाही, आकड्यातून बसतं. ३ ऑक्टोबर २०१२ ला डेन्व्हरमध्ये ओबामांशी पहिली डिबेट झाली. त्यात रॉम्नी म्हणाले की मेडिकेडचे पैसे राज्यांना एकगठ्ठा द्यायचे, गेल्या वर्षी जेवढे मिळाले तेवढे, अधिक महागाई, अधिक एक टक्का, आणि गरिबांची काळजी कशी घ्यायची ते राज्याने ठरवायचं. ऐकायला छान. याला ब्लॉक ग्रँट म्हणतात. आताच्या पद्धतीत राज्याने खर्च केला की केंद्र ठरलेल्या टक्क्यांनी वाटा देतं, किमान निम्मा, त्यामुळे मंदी आली, माणसांच्या नोकऱ्या गेल्या, मेडिकेडवर गर्दी वाढली की केंद्राचे पैसे आपोआप वाढतात. ब्लॉक ग्रँटमध्ये नाही वाढत. घरात दहा पाहुणे आले तरी किराणाचे पैसे महिन्याला तेवढेच. मग राज्याकडे उरतं काय, कर वाढवा, डॉक्टरांचे दर कमी करा, नाहीतर माणसं कमी करा. कॉन्झर्व्हेटिव्ह बाजू म्हणते की मर्यादा घातली की राज्यं डोकं लावून खर्च करतील, उघड्या नळाखाली कुणी बादली मोजत नाही, आणि त्यात तथ्य आहेच, पण म्हणून विचारायचा प्रश्न एकच, मंदीच्या वर्षी काय होणार? उत्तर मिळेपर्यंत विचारत राहायचं.

मेडिकेअरसाठी शब्द होता प्रीमियम सपोर्ट. ही कल्पना रॉम्नींनी २०११ मध्येच मांडली होती, पण उपाध्यक्षपदासाठी पॉल रायन यांना घेतलं, जे काँग्रेसमध्ये रिपब्लिकनांचं बजेट लिहायचे, तेव्हा ती जास्त चर्चेत आली. आता जे ५५ च्या वर आहेत त्यांना काही बदल नाही, त्याखालच्यांना पुढे ठराविक रक्कम मिळणार आणि त्यातून खासगी प्लॅन किंवा जुनं मेडिकेअर निवडायचं. अशा प्रस्तावात वयाची रेषा कुठे आहे ते आधी बघा, कारण ती बहुतेकदा आज मतदान करणाऱ्या ज्येष्ठांना वाचवून आखलेली असते आणि बोजा तुमच्या वयाच्या लोकांवर असतो. नंतर बघा की ती ठराविक रक्कम दरवर्षी कशाच्या हिशोबाने वाढणार. आणि "कपात" हा शब्द ऐकलात की लगेच विचारा, कुणाच्या पैशात? ओबामांनी मेडिकेअरमधून ७१६ अब्ज डॉलर कापले असं रॉम्नी सारखं सांगायचे, आकडा खरा होता, दहा वर्षांचा होता, पण ती कपात हॉस्पिटलं आणि खासगी मेडिकेअर प्लॅन्सना मिळणाऱ्या रकमेतली होती, पेशंटला मिळणाऱ्या सेवांची यादी तीच राहिली होती, आणि रायन यांच्या स्वतःच्या बजेटमध्येही तेवढीच बचत धरलेली होती.

जुन्या आजारांचा मुद्दा तर मी प्रत्येकाला सांगते. त्याच डिबेटमध्ये रॉम्नी म्हणाले, माझ्या योजनेत आधीपासून आजार असलेल्यांना विमा मिळेल. सरळ वाक्य आहे, ऐकणारा निर्धास्त होतो. डिबेट संपल्यावर त्यांच्या सल्लागाराने खुलासा केला, हे ज्यांचा विमा सलग चालू आहे त्यांच्यासाठी. मेख त्या "सलग"मध्ये आहे. समजा तुम्हाला डायबिटीस आहे, ले-ऑफमध्ये नोकरी गेली, कोब्राखाली जुना विमा चालू ठेवता येतो पण पूर्ण हप्ता पदरचा भरावा लागतो, दोन मुलं, भाडं, व्हिसाची टांगती तलवार, तुम्ही दोन-तीन महिने विमा सोडला, संपलं, सलगपणा तुटला. १९९६ चा हिपा कायदा होता त्यात ६३ दिवसांचा खंड पडला की संरक्षण जायचं. एसीएमध्ये अशी अटच नाही. म्हणून कुठलाही नेता "आधीचे आजार कव्हर होतील" म्हणाला की तुम्ही तीन गोष्टी शोधा, सलग विम्याची अट आहे का, हप्ता आजारी माणसाला जास्त लावता येतो का, आणि प्लॅनमधून तो आजारच वगळता येतो का. तिन्हीला नाही असं लेखी उत्तर असेल तरच ते वाक्य खरं.

मग निकाल बघा, म्हणजे त्याने जे केलं त्यातून माणसांचं काय झालं. मॅसेच्युसेट्समध्ये विमा नसलेल्यांचं प्रमाण देशात सगळ्यात कमी झालं आणि २०१४ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी इतर राज्यांतल्या साधारण तशाच काउंट्यांशी ताडून दाखवलं की कायद्यानंतर प्रौढांमधलं मृत्यूचं प्रमाण जवळपास ३ टक्क्यांनी खाली आलं. एका रिपब्लिकन गव्हर्नरच्या सहीमुळे माणसं वाचली, हे मोठ्याने सांगायला आपल्याला संकोच वाटायचं कारण नाही, तुम्ही कुणालाही मत देत असाल तरी. खर्च मात्र त्या कायद्याने आटोक्यात आला नाही, त्यासाठी राज्याला २०१२ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. आणि मोकळेपणाने बोलण्याची वेळ निवडणूक गेल्यावर येते ती अशी, ऑक्टोबर २०१५ मध्ये स्टेमबर्ग वारले तेव्हा रॉम्नींनी बॉस्टन ग्लोबला सांगितलं की रॉम्नीकेअर नसतं तर ओबामाकेअर झालं नसतं आणि टॉम नसते तर कितीतरी लोकांकडे विमा नसता. २०१२ मध्ये हे वाक्य त्यांच्या तोंडून निघणं शक्यच नव्हतं. म्हणून हरल्यानंतरच्या किंवा निवृत्त झाल्यावरच्या मुलाखती नक्की शोधा, भूमिकेचा खरा तळ तिथे दिसतो.

हीच पद्धत दुसऱ्यांना लावताना दोन गव्हर्नर शेजारी ठेवून बघा. लुइझियानाचे बॉबी जिंदाल, आईवडील पंजाबमधून आलेले, स्वतः चोविसाव्या वर्षी राज्याचे आरोग्य सचिव झालेले, म्हणजे विषय कोळून प्यायलेले, त्यांनी मेडिकेडचा विस्तार शेवटपर्यंत नाकारला, आणि ते गेल्यावर २०१६ मध्ये पुढच्या गव्हर्नरने तो लागू केला. ओहायोचे जॉन केसिक पण रिपब्लिकन, पण त्यांनी २०१३ मध्ये आपल्याच पक्षाच्या विधिमंडळाला वळसा घालून एका नियंत्रण मंडळाकडून विस्तार मंजूर करून घेतला, आणि कारण सांगितलं ते धर्मातलं, की स्वर्गाच्या दारात सेंट पीटर सरकार किती लहान ठेवलंस ते विचारणार नाही, गरिबांसाठी काय केलंस ते विचारेल. पक्ष तोच, कायदा तोच, वर्षंही तीच. आपलं नाव, आपला रंग, आपल्याकडचे आडनाव बघून मत बनवणाऱ्यांनी जिंदाल यांची फाइल जरूर वाचावी.

काँग्रेसमधल्या नेत्याची मात्र सही नसते, मत असतं, तेव्हा मतदानाची तारीख आणि सीबीओचा अहवाल या दोन गोष्टी जोडून बघा. सीबीओ म्हणजे काँग्रेसचं स्वतःचं बजेट ऑफिस, कुठल्याच पक्षाचं नाही. ४ मे २०१७ ला हाउसने, म्हणजे काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहाने, एसीए मोडणारं बिल २१७ विरुद्ध २१३ ने मंजूर केलं, आणि त्या रूपातल्या बिलाचा अहवाल आला २४ मेला, की २०२६ पर्यंत २.३ कोटी जास्त माणसं विम्याबाहेर असतील. म्हणजे आकडा यायच्या आधीच हात वर झाले होते. मला राग येतो तो याचा, विरोध करा, तुमचा हक्क आहे, पण मोजून तरी करा. सिनेटमध्ये २८ जुलैच्या मध्यरात्रीनंतर रिपब्लिकन सिनेटर जॉन मॅकेन यांनी अंगठा खाली केला आणि छोटं केलेलं बिलही ४९ विरुद्ध ५१ ने पडलं, तेव्हा सुझन कॉलिन्स आणि लिसा मर्कोवस्की यांनीही पक्षाविरुद्ध मत दिलं होतं. मॅकेन एसीएचे मित्र नव्हते, २००८ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाला उभे होते तेव्हा त्यांची स्वतःची योजना होती, कंपनीच्या विम्यावर कर लावायचा आणि बदल्यात एकट्याला २,५०० आणि कुटुंबाला ५,००० डॉलरची करसवलत, त्यांची तक्रार बिल ज्या घाईने आणलं त्या पद्धतीबद्दल होती. तर "विरोधात मत दिलं" एवढ्यावरून पण निष्कर्ष काढू नका.

सरावाला ताजं उदाहरण घ्यायचं तर मिसुरीचे सिनेटर जॉश हॉली घ्या. मिसुरीच्या मतदारांनी ऑगस्ट २०२० मध्ये स्वतः मतदान करून मेडिकेडचा विस्तार करून घेतलाय. हॉली राज्याचे अ‍ॅटर्नी जनरल होते तेव्हा २०१८ मध्ये एसीए रद्द करा म्हणणाऱ्या खटल्यात राज्याला घेऊन गेले. मे २०२५ मध्ये त्यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून मेडिकेड कापायला विरोध केला. १ जुलै २०२५ ला मेडिकेडमध्ये मोठी कपात असलेल्या बिलाच्या बाजूने मत दिलं. आणि त्याच महिन्यात त्यातली काही कपात मागे घेणारं वेगळं बिल मांडलं. आता हे चारही कागद तारखेप्रमाणे लावा, प्रत्येकापुढे लिहा हे चारांपैकी कुठल्या विम्याबद्दल आहे, पैसे कुणाचे जाणार, अट काय, आणि कधीपासून, कारण त्या बिलातल्या बऱ्याच गोष्टी लगेच लागू होत नाहीत, विस्तारातून मेडिकेड मिळणाऱ्या प्रौढांसाठी महिन्याला ८० तास कामाची अट बहुतेक राज्यांत २०२६ ची निवडणूक होऊन गेल्यावरच ठेवलीये.

काँग्रेस डॉट जीओव्हीवर बिलाचा नंबर टाकला की मतदान नावानिशी दिसतं, फुकट आहे. नागरिक नसलात तरी तुमच्या भागाच्या प्रतिनिधीच्या ऑफिसला फोन करता येतो, तिथे बसलेली मुलंमुली नीट बोलतात, तुमचा पिनकोड विचारतात. फोनवर "तुमची हेल्थकेअरवर भूमिका काय" असं विचारलंत तर छापील उत्तर वाचून दाखवतील. त्याऐवजी असं विचारा, माझी आई तीन वर्षांपूर्वी ग्रीन कार्डवर आलीये, ७१ वर्षांची आहे, अमुक बिल पास झालं तर तिला राज्याकडून मिळणारा विमा राहील का, आणि तुमच्या साहेबांनी त्या कलमावर काय मत दिलं. उत्तर लेखी ईमेलवर मागा, तारखेसकट.